स्विफ्टला कोन फिल्टर बसवू का? खानापूरहून आलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

खानापूरच्या एका तरुणाने विचारलंय. गाडी २०१९ची स्विफ्ट, १.२ पेट्रोल. रोज खानापूर ते बेळगावची उद्यमबाग औद्योगिक वसाहत ये-जा, शिवाय महिन्यातून एखादी गोव्याची फेरी, कधी जांबोटी-चोर्ला घाटातून, कधी अनमोड घाटातून. ॲक्सेसरीच्या दुकानात त्याला इंजिनाच्या एअर फिल्टरसाठी तीन गोष्टी दाखवल्या. पहिली, कंपनीच्याच डब्यात बसणारा, धुऊन पुन्हा वापरायचा पॅनेल फिल्टर. दुसरी, डबा काढून बॉनेटखाली उघडाच बसणारा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा फिल्टर. तिसरी, पाइप खाली फेंडरच्या पोकळीत नेऊन तिथे कोन लावलेलं ‘कोल्ड एअर किट’. दुकानदाराचं म्हणणं, दहा-बारा हॉर्सपॉवर वाढतात आणि ॲव्हरेजही सुधारतं. तर यातलं कोणतं घ्यावं, आणि कायद्याने चालतं का?

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. तुमची गाडी, तुमचा रस्ता आणि आपल्याकडचा पाऊस बघता कंपनीचा डबा काढू नका. त्यात चांगल्या प्रतीचा नवा कागदी फिल्टर घाला. हौसच असेल तर तेल न लागणारा, कोरड्या कृत्रिम धाग्याचा पॅनेल घाला. उघडा कोन घ्यायचाच तर आवाजासाठी म्हणून घ्या, ताकद वाढेल म्हणून घेऊ नका. आणि फेंडरमध्ये खाली तोंड असलेलं किट खानापूर तालुक्यात पावसाळाभर फिरणाऱ्या गाडीला मी बसवून देत नाही. गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं तरी चालतं.

आता कारणं. इंजिनाला हवा किती लागते, हा हिशोब कागद-पेन्सिलीवर होतो. तुमचं इंजिन ११९७ सीसीचं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाएवढी हवा ओढतं. म्हणजे ६००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त साडेतीन हजार लिटरच्या आसपास. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, ८५ ते ९० टक्के भरतात. मग सेकंदाला पन्नास लिटरच्या थोडं वर. हे सगळ्यात वरचं टोक, आणि तिथे रोजच्या प्रवासात तुम्ही किती वेळा जाता ते तुमचं तुम्हालाच ठाऊक. कागदी फिल्टर हातात घेऊन त्याच्या घड्या मोजा आणि एका घडीच्या खोलीने गुणा. कागदाचं क्षेत्रफळ चौकटीच्या कितीतरी पट भरतं. एवढ्या कागदातून पन्नास लिटर हवा अगदी संथ जाते. फिल्टर निम्मा भरला तरी इंजिनाचा श्वास अडू नये, हे धरूनच कंपनीने ते माप ठरवलेलं असतं.

पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. तुमच्याच गाडीवर मोजता येतं. एप्रिल २०१३ पासूनच्या आपल्याकडच्या गाड्यांना ओबीडी-२ सॉकेट, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचायची जागा असते, स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी. त्यात बसणारा ब्लूटूथ डोंगल पाचशे-हजारात मिळतो आणि मोबाइलवर ॲप घालून आकडे दिसतात. आपल्याला दोन आकडे हवेत. एक ‘मॅनिफोल्ड प्रेशर’, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी हवेचा दाब, दुसरा ‘इनटेक एअर टेंपरेचर’, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं तापमान. काही गाड्यांत मॅनिफोल्ड प्रेशरचा सेन्सर नसून हवेचं वजन मोजणारा सेन्सर असतो, त्या गाड्यांवर हा पहिला प्रयोग होत नाही.

चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. बेळगावात असाल तर प्रेशर ९२-९३ किलोपास्कल दाखवेल. ही बाहेरच्या हवेची दाब-पातळी. मग मोकळ्या रस्त्यावर, शेजारी बसलेल्याच्या हातात मोबाइल देऊन, दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळाला लावा आणि ५५०० ते ६००० आरपीएमला प्रेशर किती आहे ते त्याला वाचायला सांगा. ते ९०-९१ आलं, तर फिल्टरचा डबा, पाइप आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) या तिघांनी मिळून अडवलेली हवा फक्त दोन किलोपास्कलची, म्हणजे दोन टक्क्यांच्या जरा वर. फिल्टर, डबा, पाइप सगळं काढून फेकलं तरी मिळणारा जास्तीत जास्त फायदा तेवढाच, कारण बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाब कोणताही फिल्टर निर्माण करू शकत नाही. तुमच्या इंजिनाची ताकद ८३ हॉर्सपॉवरच्या आसपास. त्याचे दोन टक्के म्हणजे दीड-पावणेदोन, आणि त्यातला फिल्टरचा वाटा आणखी कमी. दहा-बारा हॉर्सपॉवर यायच्या कुठून?

फरक सात-आठ किलोपास्कलचा निघाला तर मात्र काहीतरी खरंच तुंबलंय. फिल्टर बदला, स्नॉर्कलमध्ये, म्हणजे डब्याच्या हवा ओढणाऱ्या नळकांड्यात, काय अडकलंय बघा. उंदरांना हे डबे फार आवडतात. भुईमुगाच्या शेंगांच्या टरफलांनी अर्धा भरलेला डबा मी उघडलाय, आणि त्या गाडीचा मालक ‘पिकअप गेला’ म्हणून इंजेक्टर बदलायच्या तयारीत होता.

याच हिशोबात आपल्याकडची एक गंमत आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, आणि गोवा जवळजवळ शून्यावर. चोर्ला उतरून साखळीत पोचलात की तोच प्रेशरचा आकडा १०० ते १०१ दाखवतो. आठ टक्क्यांची वाढ, तीही फुकट. खाली हवा गरम आणि दमट असते, त्यात थोडी वजावट होते, पण उरतं ते कोणत्याही फिल्टरपेक्षा जास्त. बेळगावचे लोक वर्षानुवर्षं सांगत आलेत की गोव्याच्या पेट्रोलवर गाडी मोकळी पळते. स्वस्त मिळायचं म्हणून टाकी फुल्ल करून यायचं हा रिवाजच होता. गाडी मोकळी पळते हे खरं आहे, पण श्रेय पेट्रोलचं नाही, हवेचं.

दाबाचं झालं, आता तापमानाचं. उघड्या कोनाचा खरा तोटा इथे आहे. हवा दहा अंशांनी तापली की साधारण तीन टक्क्यांनी पातळ होते. कंपनीचा डबा हवा घेतो कुठून ते बॉनेट उघडून बघा. डब्याला एक चपटं नळकांडं असतं, त्याचं तोंड पुढे, रेडिएटरच्या वरच्या पट्टीपाशी, ग्रिलमागे. म्हणजे समोरून येणारी, अजून न तापलेली हवा. उघडा कोन बसतो रेडिएटरच्या मागे, आणि फॅनने मागे ढकललेली गरम हवा ओढतो. बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटवर आगगाडी जाऊ देण्यासाठी दहा मिनिटं थांबलात की डोंगलवर तापमानाचा आकडा कसा चढतो ते बघा. कोन असलेल्या गाडीत तो साठच्या पुढे जायला वेळ लागत नाही. डबा आणि नळकांडं शाबूत असलेली गाडी त्याच जागी चाळिशीत राहते. पंचवीस अंशांचा फरक धरला तर सात टक्के हवा गेली. शिवाय तापलेली हवा दिसली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, नॉकिंगच्या (पेट्रोल अवेळी पेटून ठोके पडण्याच्या) भीतीने ठिणगीची वेळ मागे खेचतो, ते वेगळं. कमावले दोन टक्के आणि गमावले सात.

गाडी हायवेवर ऐंशीने पळत असली की हा फरक बराच कमी होतो, हेही कबूल केलं पाहिजे. पण तुमचा त्रास हायवेवरचा नाहीच. तुम्हाला पिकअप हवाय तो सिग्नल सुटल्यावर, ट्रॉलीला ओव्हरटेक करताना आणि घाटाच्या वळणावर, म्हणजे नेमका जेव्हा वेग कमी आणि बॉनेटखाली भट्टी असते तेव्हा.

ॲल्युमिनियमचा चकचकीत पाइप तापतो, म्हणून सिलिकॉनचा किंवा प्लास्टिकचा घ्या, असं सांगणारेही पुष्कळ आहेत. पूर्ण ताकदीवर साठ मिलिमीटरच्या पाइपातून हवा सेकंदाला अठरा-एकोणीस मीटर धावते. दोन फुटी पाइपात ती सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाएवढीच थांबते. तेवढ्यात ती कितीशी तापणार? पाइप कशाचा आहे यापेक्षा त्याचं तोंड कुठे आहे ते बघा.

आता धूळ. माझ्या मते निवड इथेच ठरते, आणि दुकानात नेमकं याबद्दल कोणी बोलत नाही.

एक लिटर पेट्रोल जाळायला आपल्या उंचीवर नऊ-दहा हजार लिटर हवा लागते. तुमच्या रोजच्या रस्त्यावर त्या हवेत काय असतं? खानापूर-जांबोटीकडे लाल माती, जी ऑक्टोबरात वाळली की होळीपर्यंत बसत नाही. बैलहोंगल-सौंदत्तीकडे गेलात तर काळ्या मातीची पिठासारखी धूळ. चिकोडी-संकेश्वर-हुक्केरी पट्ट्यात उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांच्या मागे पाचटाचा भुगा आणि साइडपट्टीची माती. आणि तुमच्या उद्यमबागेत फाउंड्र्यांची वाळू. ओतकाम करणाऱ्याला वाळूबद्दल वेगळं सांगायला नको. तिच्यातला क्वार्ट्झ ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतो, आणि इंजिनाचा बोअर त्याच लोखंडाचा.

डोळ्यांना दिसणारे मोठे कण कोणताही फिल्टर धरतो. नुकसान करतात ते पाच ते वीस मायक्रॉनचे. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास, त्यावरून अंदाज करा. पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या मध्ये तेलाचा जो थर असतो त्यात हे कण बरोबर मावतात, आणि मग ते तेल म्हणजे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट होऊन बसतं. हे लगेच कळत नाही. गाडी तीस-चाळीस हजार किलोमीटर मजेत पळते. मग दोन सर्व्हिसिंगमध्ये अर्धा-पाऊण लिटर ऑइल वरून भरायला लागतं, सकाळी स्टार्ट करताना निळसर धूर दिसतो आणि मग ‘इंजिन काम’ निघतं. तोवर फिल्टर विकणाऱ्याचं दुकान कदाचित मोबाइलच्या कव्हरांचं झालेलं असतं.

फिल्टर घेताना सगळे विचारतात, ‘हवा किती सोडतो?’ मी विचारतो, ‘धूळ किती सोडतो?’ या तपासणीसाठी आयएसओ ५०११ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पाकिटावर त्या चाचणीचा आकडा छापला नसेल तर ‘हाय फ्लो’ या शब्दाला अर्थ नाही. समजा, एक फिल्टर ९९ टक्के धूळ धरतो आणि दुसरा ९७ टक्के. ऐकायला दोन टक्क्यांचा फरक. इंजिनाच्या बाजूने बघा, पहिल्यातून एक भाग धूळ आत जाते आणि दुसऱ्यातून तीन भाग. तिप्पट.

चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांच्या पुढे असतो, आणि थोडा मळला की अजून बारीक गाळतो, कारण बसलेल्या धुळीचाच थर पुढची धूळ अडवतो. म्हणून दर महिन्याला काढून झाडायची घाई करू नका. टायरवर आपटणं आणि कॉम्प्रेसरची हवा जवळून मारणं, हे दोन उद्योग तर बंदच करा. कागदाला बारीक चीर गेली की ती डोळ्यांना दिसत नाही, धुळीला मात्र बरोबर सापडते. कंपनीच्या पुस्तकात जेवढ्या किलोमीटरला बदला म्हटलंय त्याच्या निम्म्यावर तुमच्या रस्त्यासाठी बदला. दोनशे-चारशे रुपयांची वस्तू आहे.

धुऊन वापरायचे फिल्टर दोन जातींचे. तेल लावलेल्या सुती जाळीचे, उदाहरणार्थ के अँड एनचे प्रसिद्ध लाल फिल्टर, आणि कोरड्या कृत्रिम धाग्याचे. सुती जाळी हवा मोकळी सोडते, पण धूळ धरण्याचं काम तिच्यातल्या तेलावर चालतं. तेल सुकलं की ती नुसती जाळी राहते. जास्त झालं की ते उडून पुढे जातं आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसतं. मग सेन्सर चुकीचं वजन सांगतो, गाडी मिसिंग करते, चेक इंजिनचा दिवा लागतो. अस्सल वस्तू, तिचंच क्लीनर, तिचंच तेल आणि हाताला मोजमाप, एवढं असेल तर सुती फिल्टर वाईट नाही. पण आपल्याकडे मी काय बघतो? सर्फमध्ये धुतलेला, उन्हात कडक वाळवलेला आणि इंजिन ऑइल चोपडलेला फिल्टर. नाहीतर ‘अस्सल’ म्हणून आठशे रुपयांत घेतलेली नक्कल, जिच्या रबरी कडेला डब्यात नीट बसताच येत नाही. म्हणून धुवायचाच घ्यायचा तर कोरडा घ्या, असं मी सांगतो. तेलाची भानगडच नको.

कडेचा विषय निघालाच आहे तर फिल्टरच्या जातीपेक्षा महत्त्वाची परीक्षा सांगतो, आणि तिला पैसे पडत नाहीत. फिल्टरनंतरचा पाइप, म्हणजे डबा आणि थ्रॉटलच्या मधला, क्लॅम्प सैल करून काढा. पांढरं, किंचित ओलं फडकं बोटाला गुंडाळून आतून फिरवा. फडकं स्वच्छ निघालं पाहिजे. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला वाफारा या पाइपात आणणाऱ्या नळीच्या, तेलाचा पिवळसर डाग चालेल. लाल-तपकिरी डाग निघाला तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जातेय. आता फिल्टर काढून डब्याच्या कडेला बॅटरी मारून बघा. जिथून शिरकाव होतोय तिथे रबराच्या खाचेत धुळीची बारीक रेघ ओढलेली दिसते. बहुतेक वेळा कोपऱ्यात, आणि बहुतेक वेळा डब्याची एक क्लिप तुटलेली किंवा फिल्टर तिरका बसलेला. सर्व्हिसिंगच्या घाईत चारपैकी तीनच क्लिपा लावलेल्या गाड्या कितीतरी येतात. दहा हजारांचा फिल्टर असा बसवला तर दोनशेच्या कागदापेक्षा वाईट. गाडी सेकंडहँड असेल आणि पुढून कधी ठोकर लागली असेल तर ग्रिलमागचं ते नळकांडं जागेवर आहे का तेही बघा. पुष्कळदा ते परत बसवलेलंच नसतं आणि मालकाला पत्ता नसतो.

पाण्याचा मुद्दा छोटा आहे, पण तिसऱ्या पर्यायाचा निकाल तिथेच लागतो. कोल्ड एअर किटचं तोंड फेंडरमध्ये, बंपरच्या उंचीवर. तिथली हवा खरंच गार असते, विचार चुकीचा नाही. कोरड्या प्रदेशात मी त्याला नावं ठेवणार नाही. पण कणकुंबी-जांबोटीचा पाऊस, मोऱ्यांवरून वाहणारं पाणी आणि समोरून येणाऱ्या ट्रकने उडवलेली लाट हे सगळं नेमकं त्याच उंचीवर येतं. २०१९च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीला चक्क हायवेवर आलं होतं. तुमच्या इंजिनाचा एक सिलिंडर ३०० सीसीचा, कॉम्प्रेशन अकराला एकच्या आसपास. म्हणजे पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा फक्त तीस मिलीलिटर, पोहे खायचे दोन-तीन चमचे. त्याहून जास्त पाणी एका सिलिंडरात गेलं की पिस्टनला वर जायला जागा नाही, पाणी दबत नाही, आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. खर्चाचा आकडा पाच अंकी लागतोच. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, ‘इंजिन प्रोटेक्शन’चं वेगळं कलम घ्यावं लागतं, आणि गाडीत न कळवलेला बदल निघाला तर दावा मांडणं आणखी अवघड. तोंड वर, ग्रिलमागे ठेवण्यात कंपनीचा शहाणपणा आहे.

मग कोन लावलेले लोक गाडी सुधारली असं का सांगतात? खोटं बोलत नाहीत ते. कंपनीच्या डब्याला आणि पाइपाला बाजूला रिकामे फुगे जोडलेले असतात, त्यांना रेझोनेटर म्हणतात. इंजिन हवा ओढताना जो घोंगावता आवाज होतो तो दाबणं हे त्यांचं काम. कोन बसवला की डबा गेला, फुगे गेले आणि तो आवाज थेट केबिनमध्ये आला. माणसाचा कान आवाजावरून वेग ठरवतो. चंदगडकडच्या एका पोराने नेमक्या शब्दांत सांगितलं होतं, ‘आवाज झकास येतोय बघा, खरं चढाला ओढत नाही ओ.’ चढाला न ओढण्याचंही कारण आहे. कंपनीने पाइपाची लांबी आणि डब्याचं माप अशा बेताने धरलेलं असतं की मधल्या आरपीएमला हवेच्या लाटा सिलिंडर भरायला मदत करतात. आखूड पाइप आणि कोन लावल्यावर ती मदत वरच्या आरपीएमकडे सरकते. घाटात आपण गाडी दोन ते साडेतीन हजारांत चालवतो, तिथे उलट खड्डा पडल्यासारखं वाटतं.

आवाज आवडणं हा गुन्हा नाही. मलाही आवडतो. फक्त बिलावर ‘आवाज’ असं मनात लिहून पैसे द्या. आणि हे काम करताना दोन जोडण्या तपासा, ज्या स्वस्त किटमध्ये हमखास चुकतात. एक, हवेचा किंवा तापमानाचा सेन्सर मूळ डब्यात असेल तर तो नव्या पाइपात घट्ट आणि त्याच दिशेने बसला पाहिजे, आणि हवेचं वजन मोजणारा सेन्सर असेल तर पाइपाचा व्यास मूळचाच हवा. साठचा सत्तर केला तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं, तारेवरून जाणारी हवा संथ होते, सेन्सर कमी हवा सांगतो आणि पेट्रोल कमी सुटतं. दुसरी, इंजिनाच्या ब्रीदरची नळी. ती फिल्टरनंतरच्या स्वच्छ बाजूला जोडलेली असते. किटवाले ती उपटून तिच्या टोकाला लिंबाएवढा छोटा फिल्टर लावून देतात. मग क्रँककेसचा तेलकट वाफारा बॉनेटखाली पसरतो आणि न मोजलेली हवाही आत शिरायची वाट होते.

ॲव्हरेजबद्दल दोन ओळी पुरेत. सावकाश चालवताना हवा अडवते ती थ्रॉटलची झडप, आणि ती तुम्हीच पायाने बंद ठेवलेली असते. फिल्टर मोकळा केला तर तुम्ही नकळत झडप केसभर आणखी बंद ठेवाल, पेट्रोल तेवढंच. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली इंजेक्शनच्या गाड्यांवर मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून हे तपासलं होतं. ॲव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही, पिकअप मात्र कमी झाला. ई-२० पेट्रोल आल्यापासून ॲव्हरेज घटलं म्हणून फिल्टर बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

टर्बो गाड्यांचं गणित वेगळं, त्यामुळे पोलो टीएसआय किंवा आय-२० टर्बोवाल्या मित्राचा अनुभव आपल्या गाडीला लावू नका. तिथे हवेची अडचण टर्बो जास्त फिरून भरून काढतो आणि ईसीयू रिमॅप केला, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम बदलला असेल तर मोकळ्या इनटेकचा उपयोग होतो. तरीही झाकलेल्या डब्यातला, रेडिएटरपासून आडोसा असलेला कोनच घ्यावा. टर्बोचं पातं लाखभर आरपीएमच्या वर फिरतं, वाळूचा कण त्याला काय करतो ते सांगायला नको.

कायद्याचंही विचारलंत. आपण सीमेवरची माणसं, केए-२२ची पाटी लावून सकाळी कर्नाटकात, दुपारी कोल्हापुरात, रात्री गोव्यात. तिन्हीकडे कायदा केंद्राचाच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतं. मूळ डब्यात त्याच मापाचा दुसरा फिल्टर घालणं म्हणजे झिजणारा भाग बदलणं, त्याने नोंदीतलं काही बदलत नाही. डबा काढून किट लावणं ही वेगळी गोष्ट, आणि वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला बोट दाखवायला जागा मिळते.

तुमच्यासाठी यादी अशी. नवा कागदी फिल्टर, किंवा पाच हजारांच्या आत बसणारा अस्सल कोरडा पॅनेल. डब्याच्या सगळ्या क्लिपा, तुटली असेल तर नवी. ग्रिलमागचं नळकांडं जागेवर. थ्रॉटल बॉडी साफ. स्पार्क प्लगचं आयुष्य संपलं असेल तर नवे प्लग. टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी, आणि दुसऱ्या गिअरमध्ये घ्यायचं वळण तिसऱ्यात रेटायचं नाही. एवढं करून डोंगलवर आधीचे-नंतरचे आकडे टिपून ठेवा. त्यानंतरही कोन लावावासा वाटला तर ऑक्टोबरनंतर या, झाकणवाला बघू, आणि कंपनीचा जुना डबा भंगारात घालू नका. गाडी विकताना गिऱ्हाईक आधी तोच शोधतं.